प्रतिसाद : पिंपरीचे नाव धारण करणारा जीवाणू

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कारखान्याविषयीची वरची चर्चा तिथल्या पेनिसिलिनपाशीच थांबली आहे, म्हणून तेथील संशोधन विभागाची धुरा वाहिलेल्या डॉ. मं. जी. तिरुमलाचार यांच्याविषयी थोडी भर घालतो.

मूळचे कवकशास्त्रज्ञ, म्हणजे बुरशीचे अभ्यासक, असलेल्या तिरुमलाचारांचा पिंड तांबेरा आणि काणी या पिकांच्या बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासावर पोसला होता. ज्वारीच्या कणसातला काणीचा दाणा फोडला की बोटांना काजळीसारखी भुकटी लागते. ते त्या बुरशीचे बीजाणू. भारतातील काणी-कवकांवरील त्यांचा कवकशास्त्रज्ञ मुंडकुरांसोबतचा ग्रंथ 1952 चा आहे.

आयुष्यभर बुरशी न्याहाळणाऱ्या या माणसाने पिंपरीत बुरशीच मारणारी औषधे शोधली, याची मला गंमत वाटते. त्यांपैकी हॅमायसिन हे औषध मातीतल्या ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. औषधाच्या नावातील पहिली अक्षरे कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या मेदासारख्या घटकाला हे औषध चिकटते, पटल गळके होते आणि पेशी मरते. पिंपरीतच सापडलेले ऑरिओफंजिन हे दुसरे बुरशीनाशक मात्र मुख्यतः पिकांच्या कामी आले.