घरबसल्या डेटा लेबलिंग: ज्ञानाधारित रोजगार की नगावरची मजुरी?

पूर्वभागकर (सोलापूर):
आमच्या घरी आई विड्या वळते आणि पदवीधर धाकटी बहीण लॅपटॉपवर रस्त्यांच्या छायाचित्रांतील वाहने, पादचारी व सिग्नल यांच्याभोवती चौकटी आखते. यंत्राला चित्रे ओळखायला शिकवण्यासाठीचे हे काम म्हणजे डेटा लेबलिंग. आईची मजुरी हजार विड्यांमागे, तर बहिणीची चौकटींमागे ठरते. मागच्या महिन्यात बहिणीचे अनेक दिवसांचे काम ‘दर्जा अपुरा’ एवढ्याच शेऱ्यानिशी नाकारले गेले आणि दाद कोणाकडे मागायची हेही तिला समजले नाही. अशा कामाला ज्ञानाधारित रोजगार म्हणणे कितपत रास्त आहे?

गिरणगावचा वाचक:
यंत्र ‘आपोआप शिकते’ या समजामागे असेच श्रम दडलेले असतात. 2009 मध्ये मांडल्या गेलेल्या ‘इमेजनेट’ या चित्रसंग्रहातील लाखो चित्रांची वर्गवारी ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या छोटी कामे ऑनलाइन वाटणाऱ्या मंचावरील कामगारांनी नगावर केली होती. त्या मंचावर काम देणारा ते नाकारू शकतो. मग पैसे द्यावे लागत नाहीत, पण सादर झालेले काम त्याच्या हाती राहते. डिजिटल भांडवलशाहीचा नफा केवळ आपल्या माहितीतून येतो असे म्हणणारे नेमकी हीच मजुरी हिशेबाबाहेर ठेवतात.

कायद्याची विद्यार्थिनी:
तुमच्या आईला विचारा, ‘छाट’ म्हणजे काय ते त्या लगेच सांगतील: दर्जा नाही म्हणून मालकाने नाकारलेल्या विड्या. विडी व सिगार कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्यातील कलम 39 मध्ये कच्च्या मालाचा पुरवठा, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी या तिन्ही तंट्यांचा झटपट निवाडा करण्याची तरतूद होती. अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय. पण नाकारण्याचा अधिकार मालकाचा एकट्याचा नाही, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची (नेहमीच्या नोकरीबाहेर, बरेचदा ॲपवरून मिळणारी कामे करणाऱ्यांची) व्याख्या आली, ॲग्रीगेटरांनी, म्हणजे अशी कामे जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी, उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरावी असेही ठरले. नाकारलेल्या कामाबद्दल मात्र ती संहिता गप्प आहे.

कुंभारीहून:
तुलना पटते, तरी तंबाखूची धूळ आणि लॅपटॉप यांना एका मापाने मोजू नये. माझ्या मुलीने विड्या वळाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. मला खरा फरक दिसतो तो वेगळाच. माल जमा करायला बाया कारखान्यात जात, रांगेत उभ्या राहत, कोणाची किती छाट निघाली हे एकमेकींना सांगत, आणि त्याच ओळखीतून संघटना उभ्या राहिल्या. सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीत विडी कामगार महिलांची 10 हजार घरांची वसाहत झाली, ती त्यांच्या चळवळीमुळे. तुमच्या बहिणीबरोबर तेच काम आणखी कोण करते, हे तिला ठाऊक तरी आहे का?

पूर्वभागकर:
नाही. ज्याने काम मिळवून दिले त्या मध्यस्थाचा फक्त व्हॉट्सॲप क्रमांक आहे. गटही आहे, पण त्यात संदेश टाकण्याची मुभा एकट्या ॲडमिनला आहे.