शब्दचर्चा: प्रथिनाची घडी 'घालतात' की 'बसते'?

पार्कचौक
सोलापुरात आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांपुढे मराठीतून बोलायचं आहे. विषय, ई. कोलायसारख्या जीवाणूंचं बाह्य पटल, म्हणजे पेशीभोवतीच्या दोन पातळ आवरणांपैकी बाहेरचं. त्यात पिंपासारखी पोकळ प्रथिनं बसलेली असतात. ती पेशीच्या आत तयार होतात, उलगडलेल्या धाग्यासारखी आतल्या पटलातून पलीकडे येतात आणि 'बॅम' हा 5 प्रथिनांचा संच त्यांना बाहेरच्या पटलात बसवतो. धाग्याने दुमडून आपला आकार घेणं म्हणजे प्रथिनाची घडी. मी लिहिलं, "बॅम प्रथिनांची घडी घालून ती पटलात घुसवतो." वडील म्हणाले, घडी माणूस घालतो आणि घुसवतात तो चाकू. दोन दिवस याच वाक्यावर अडकलेय.

वाग्विलास
वलीकरण. भूगोलात वली पर्वत शिकलोच आपण. वलि म्हणजे सुरकुती, कातडीची घडी. घुसवण्याला अंतर्वेशन. शास्त्राला नेमका शब्द हवा. 'घडी' म्हटलं की कपडे दिसतात.

धोटा
दिसू द्या की! वलीकरण म्हटल्यावर पोरांना हिमालय दिसणार, तो चालतो का? 22 वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या मी. घडी हा शब्द पोराला घरातूनच येतो.

जीवाणूवाली
पार्कचौक, वडिलांचं बरोबर आहे. दोन पटलांमधल्या जागेत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, नसतं, म्हणजे तिथे ऊर्जा खर्चून कुणी घडी घालत नाही. सुर-ए नावाचं प्रथिन वाटेत धाग्याचा गुंता होऊ देत नाही, एवढंच. घडी कशी पडायची ते प्रथिनाच्या साखळीतच, म्हणजे त्या धाग्यातच, ठरलेलं असतं. म्हणून घडी 'बसते'. बिघडली तर डेग-पी हे दुसरं प्रथिन त्या धाग्याचे तुकडे करतं. तिथे 'घडी विस्कटली' म्हणा.

मला खटकतं ते 'घालून'. मराठीत 'जेवून गेला' म्हणजे आधी जेवला, मग गेला. इथे आधी-नंतर नाहीच, घडी बसणं आणि पटलात बसणं एकदमच होतं. बॅम संचातलं बॅम-ए हे प्रथिन स्वतःच 16 पट्ट्यांचं पिंप आहे. त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीमधला सांधा सैल असतो. नव्या प्रथिनाची शेवटची पट्टी बॅम-एच्या पहिल्या पट्टीला जोडली जाते, तिच्यामागून बाकीच्या येतात, आणि नवं पिंप आपल्याआपण मिटलं की सुटतं. 2019 मध्ये कळलेलं डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक याच सांध्यात अडकून बसतं. 'बसत बसत' असं काही लिहिता येईल का?

धोटा
ताई, हे तर आमचंच काम झालं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याची टोकं जुन्याच्या टोकांना एकेक करून गाठतात. मग जुन्याच्या आधाराने नवा ओढून घेतात. 'जोडून घेणे' लिहा.

माहेरवाशीण
घुसवण्याऐवजी 'खोवणे'! तुरा खोवतात, पदर खोवतात. बळजबरी नाही, आणि खोवलेलं जागचं हलतही नाही.

वाग्विलास
पदर खोचतात. खोवतात तो नारळ.

माहेरवाशीण
नारळ आमच्याकडे खवतात. शिरपेचात मानाचा तुरा खोवला, हे रोज पेपरात असतं.

वाग्विलास
तुरा मान्य. पण घडी 'घडणे'वरून आली असावी हे ध्यानात घ्या. जे घडतं ते घडी. त्या अर्थाने वडिलांचा आक्षेप व्युत्पत्तीलाही धरून आहे.

जीवाणूवाली
मग घड्याळातली घडी? ती घटिकेवरून आली. दोन्ही घड्यांना एकाच दावणीला बांधू नका.

माहेरवाशीण
आणि 'घडी मोडणे'? नव्या साडीची घडी मी कधीच आधी मोडली नाही, थोरल्या जाऊबाईंना नेसायला द्यायचे. प्रथिनाची घडी सुटते त्याला हे चालेल?

जीवाणूवाली
नाही हो. घडी मोडणं म्हणजे वापरायला काढणं, प्रथिनाची सुटली की ते कामातून जातं.

पार्कचौक
चादरीचीही घडी मोडतात का? आमच्याकडे फक्त साडीची.

धोटा
मोडतात तर. आमच्या आईने लग्नातल्या चादरीची घडी अजून मोडली नाही. ट्रंकेत आहे.