बॅरिऑन संख्या आणि ऊर्जा एकाच माळेचे मणी नव्हेत

काटकोन
मूलकणांच्या अक्षय्यता नियमांवर (कोणत्या राशींची बेरीज कायम राहते ते सांगणारे नियम) परवा आलेल्या लंबक यांच्या लेखात ऊर्जा, संवेग, विद्युतभार, बॅरिऑन संख्या (प्रोटॉन, न्यूट्रॉनसारख्या तीन क्वार्कच्या कणांची मोजणी) आणि लेप्टॉन संख्या (इलेक्ट्रॉन, म्यूऑन, न्यूट्रिनो या कणांची मोजणी, एकूण आणि प्रत्येक जातीची वेगळी) एकाच रांगेत बसवल्या होत्या. शेवटी निष्कर्ष असा: 'एमी नोएदरने १९१८ मध्ये हे सारे नियम सममितीतून सिद्ध केले, तेव्हा प्रोटॉनच्या क्षयाची वाट पाहणे ही निव्वळ नासाडी आहे.' हे वाचून गप्प बसवत नाही.

नोएदरचा सिद्धांत जर-तरचा आहे. ॲक्शनमध्ये, म्हणजे जिच्यातून गतीची समीकरणं निघतात त्या राशीमध्ये, सलग सममिती असेल, तर तिच्या जोडीची एक राशी अक्षय्य राहते. निसर्गात ती सममिती आहे का, हे सिद्धांत सांगत नाही, ते प्रयोगच ठरवतो. विद्युतभाराच्या पाठीशी गेज सममिती (प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे लागू होणारी सममिती) आणि वस्तुमान नसलेला फोटॉन उभा आहे. बॅरिऑन संख्येच्या पाठीशी असं कोणतंही क्षेत्र सापडलेलं नाही. स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, गेज सममिती सांभाळून चौथ्या मितीपर्यंतची (मिती म्हणजे पदातला ऊर्जेचा घात) जी पदं लिहिता येतात, त्यांत बॅरिऑन संख्या मोडणारं पद बसत नाही, एवढाच तिचा आधार. सहाव्या मितीला तीन क्वार्क आणि एक लेप्टॉन यांचं पद सरळ लिहिता येतं. फक्त ते एका प्रचंड ऊर्जेच्या वर्गाने भागलेलं असतं, म्हणून परिणाम इतका क्षीण.

आणि स्टँडर्ड मॉडेलच्या आतसुद्धा ही संख्या पूर्ण अक्षय्य नाही. भौतिकशास्त्रज्ञ 'ट हूफ्टने १९७६ मध्ये दाखवलं की क्वांटम पातळीवर बॅरिऑन आणि लेप्टॉन संख्या तीन-तीनने एकत्र बदलू शकतात, फक्त त्यांची वजाबाकी टिकते. तीनची उडी असल्याने एकटा प्रोटॉन या वाटेने मरत नाही, पण 'सिद्ध झालेला नियम' ही भाषा तिथेच संपते.

लंबक
असहमत. कागदावरची पदं मोजून नियमाची ताकद ठरत नाही, मोजमापाने ठरते. जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या पाण्याच्या महाकाय टाकीने प्रोटॉनच्या पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि पायॉन (क्वार्क-प्रतिक्वार्कचा हलका कण) यांमधल्या क्षयासाठी आयुष्याची मर्यादा २.४ गुणिले १० चा ३४वा घात वर्षांच्या पुढे नेली आहे. विद्युतभाराचा नियम मोडला तर इलेक्ट्रॉन हा एक न्यूट्रिनो आणि २५६ केईव्हीचा (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) फोटॉन देऊन नष्ट होईल. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०१५ मध्ये तो शोधला आणि मर्यादा मिळाली ६.६ गुणिले १० चा २८वा घात वर्षं. म्हणजे ज्याला तुम्ही योगायोग म्हणता, तो तुमच्या 'पक्क्या' नियमापेक्षा साडेतीन लाखांहून अधिक पटींनी जास्त तपासलेला आहे. याचं उत्तर द्या.

काटकोन
आकडे बरोबर आहेत, हे मान्य करावंच लागतं. पण ते आकडे टाकीचा आकार सांगतात, नियमाचा पाया नव्हे. विद्युतभार मोडला तर फोटॉनचं वस्तुमान शून्य ठेवणारी सगळी मांडणीच विसंगत होते. बॅरिऑन संख्या मोडली तर स्टँडर्ड मॉडेलचं काहीच कोसळत नाही.

उंबरठा
दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाहीत. दुखणं आहे पाठ्यपुस्तकातल्या त्या तक्त्याचं! डावीकडे राशी, उजवीकडे बरोबरच्या खुणा. स्ट्रेंजनेस (स्ट्रेंज क्वार्कची मोजणी) आणि पॅरिटी (आरशातली सममिती) त्याच रांगेत. मग एक स्ट्रेंज क्वार्क असलेला लॅम्डा कण प्रोटॉन आणि पायॉनमध्ये मोडताना पाहिला की विद्यार्थी गोंधळतो. त्या क्षयाला ०.२६ नॅनोसेकंद लागतात, तीव्र बलाने झाला असता तर सेकंदाच्या १० चा उणे २३वा घात इतक्यात संपला असता. हा विलंब हीच स्ट्रेंजनेसची खरी ओळख: तीव्र आणि विद्युतचुंबकीय क्रियेत टिकतो, क्षीण क्रियेत (बीटा क्षय घडवणाऱ्या) मोडतो. तक्त्यात 'कोणत्या बलासाठी' हा रकाना नसेल तर तो तक्ता फाडून टाकावा. पॅरिटीचंही तेच. १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी विचारेपर्यंत क्षीण क्रियेत ती कुणी तपासलीच नव्हती. वू यांनी कोबाल्ट-६० चे अणुगर्भ शून्याच्या वर केवळ शतांश केल्व्हिनला एका दिशेत वळवले, तेव्हा बीटा क्षयातले इलेक्ट्रॉन अणुगर्भाच्या फिरकीच्या उलट दिशेला जास्त निघाले; आरशातल्या जगात ते फिरकीच्या दिशेला निघाले असते. स्फटिक काही मिनिटांत तापला की फरक नाहीसा. चुंबकीय क्षेत्र उलटं केलं की फरकही उलटा.

शेषबाकी
मला तर हे सगळे नियमच वर्तुळात फिरणारे वाटतात. ऊर्जा कमी पडली की एक अदृश्य कण कल्पायचा आणि हिशेब जुळवायचा. बीटा क्षयात (अणुगर्भातून इलेक्ट्रॉन निघतो तो) पाउलीने १९३० मध्ये तेच केलं, तोच न्यूट्रिनो. असा नियम खोटा ठरणार तरी कसा?

काटकोन
हा आरोप बिनबुडाचा आहे. तेव्हा ऊर्जा फक्त सरासरीने टिकते असं बोर उघडपणे म्हणत होता, म्हणजे नियम सोडायची तयारी होती. एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये बिस्मथ-२१० चा नमुना कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजणाऱ्या पेटीत) बंद केला. इलेक्ट्रॉन पूर्ण ऊर्जा घेऊन निघतात आणि वाटेत गमावतात असं असतं, तर दर क्षयामागे उष्णता इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-वर्णपटाच्या टोकाइतकी, म्हणजे कमाल ऊर्जेइतकी, १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) जरा पुढे भरली असती. भरली सुमारे ०.३५, म्हणजे वर्णपटाची सरासरी. बाकीचं भिंतीत थांबलंच नव्हतं. पण ऊर्जा नुसती सरासरीने टिकत असती, तर एखादा इलेक्ट्रॉन कधीतरी टोकाच्या पलीकडे जायला हवा होता. टोक तर धारदार आहे.

आणि कण कल्पून कुणी थांबलं नाही. तो कण पाण्यातल्या प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात. राइन्स आणि कावन यांनी १९५६ मध्ये अणुभट्टीजवळ त्यांच्या दोन खुणा एकामागोमाग पकडल्या: आधी पॉझिट्रॉनचे ५११ केईव्हीचे दोन फोटॉन, मग काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमने न्यूट्रॉन गिळल्याचे. पाण्यात जड पाणी मिसळून प्रोटॉन कमी केले, तशी नोंदही घटली.

शेषबाकी
न्यूट्रिनोपुरतं ठीक. पण सर्नच्या एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्रावर रोज 'हरवलेली ऊर्जा' मोजतात, तिथे कोण जड पाणी मिसळतं?

उंबरठा
तिथे हरवलेली ऊर्जा नव्हे, झोताला आडवा हरवलेला संवेग मोजतात. आदळणाऱ्या क्वार्क-ग्लुऑनचा झोताच्या दिशेतला वाटा ठाऊक नसतो आणि उरलेला चुरा नळीतून निघून जातो. आडव्या दिशेत मात्र सुरुवातीची बेरीज जवळपास शून्य.

चुका कुठे होतात तेही ऐका. तिथल्या कॅलरीमीटरचा (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचा) एक मृत कप्पा, एक गोंगाट करणारा कप्पा, दोन भागांमधल्या फटीत पडलेला जेट (कणांचा अरुंद फवारा) किंवा कॅलरीमीटरमध्ये मोजके जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) सोडून जाणारा म्यूऑन बेरजेत धरायचा राहिला, की खोटा तुटवडा तयार. म्हणून तुटवड्याची दिशा एखाद्या जेटला चिकटलेली असेल तर ती घटना संशयित. आणि चाचणी आहेच: झेड कण (डब्ल्यूसारखाच क्षीण बलाचा वाहक) दोन म्यूऑनमध्ये मोडतो तेव्हा न्यूट्रिनो नसतो. ते म्यूऑन हिशेबातून मुद्दाम वगळा, तुटवडा बरोबर त्या जोडीच्या आडव्या संवेगाइतका यायला हवा. न आल्यास यंत्र चूक. सर्नच्याच यूए-१ प्रयोगाने १९८४ मध्ये एकच जेट आणि मोठा तुटवडा अशा घटना जाहीर केल्या, तेव्हा नवा कण सापडला म्हणून गाजावाजा झाला. डब्ल्यू, झेड आणि चुकीचे मोजलेले जेट यांची बेरीज नीट केल्यावर त्यात नवं काही उरलं नाही. हवं तेव्हा कण कल्पता येत असता, तर त्या घटना टिकल्या असत्या.

लंबक
विषयाला किती फाटे फोडणार? प्रश्न प्रोटॉनचा होता. नासाडी आहे की नाही?

काटकोन
नाही. टाकीत प्रकाशाची वलयं उमटतात: पॉझिट्रॉनचं एक, तटस्थ पायॉनच्या दोन फोटॉनची दोन. त्यांचं एकूण वस्तुमान ८०० ते १०५० एमईव्हीमध्ये आणि एकूण संवेग २५० च्या खाली, इतकी नेमकी खूण आहे. पाण्याच्या रेणूत दहापैकी दोनच प्रोटॉन मोकळे. ऑक्सिजनमधल्या आठांचा पायॉन बाहेर पडण्याआधी अणुगर्भातच शोषला जाऊ शकतो, तिथे बरेच क्षय हातचे जातात. तरीही १९७४ चं जॉर्जाय-ग्लॅशो यांचं तीव्र, क्षीण आणि विद्युतचुंबकीय बलांचं साधं एकीकरण प्रोटॉनच्या क्षयाच्या याच शोधाने बाद केलं. प्रोटॉनसाठी बांधलेल्या जपानच्या कामिओकांदे आणि अमेरिकेतल्या आयएमबीच्या टाक्यांनी १९८७ च्या सुपरनोव्हाचे न्यूट्रिनो पकडले. १९९८ मध्ये सुपर-कामिओकांदेने म्यूऑन न्यूट्रिनो वाटेत बदलतात हे दाखवलं, म्हणजे म्यूऑनची वेगळी लेप्टॉन संख्या मोडली. ती तुमच्या लेखाच्या यादीत अजून अक्षय्य आहे.

लंबक
बरं, 'नासाडी' शब्द मागे घेतो. म्यूऑनची संख्याही यादीतून काढा. पण एकूण लेप्टॉन संख्या आजवर कुणी मोडलेली पाहिलेली नाही, ती यादीत राहणार.

उंबरठा
राहू दे, पण तिच्यापुढे बरोबरची खूण नको. जर्मेनियम-७६ च्या क्षयात न्यूट्रिनोविना निघालेल्या दोन इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेची बेरीज नेमकी २०३९ केईव्हीला रेघेसारखी उभी राहिली, तर दोनने मोडली. ती शोधणाऱ्या जेर्डा प्रयोगाने १.८ गुणिले १० चा २६वा घात वर्षांपर्यंत ती रेघ नाही एवढंच सांगितलंय. रकाना रिकामा ठेवा.