शिलुकांचा 'रेथ' : अवतार, संचार की गादी?

काठावरचा : दक्षिण सुदानमधल्या शिलुक लोकांवरचा एक लेख मराठीत करतोय. (ते स्वतःला 'चोलो' म्हणवतात.) त्यांचा मूळपुरुष न्यिकांग. तो मेला नाही, वावटळीत नाहीसा झाला, अशी श्रद्धा. रेथ म्हणजे राजा. प्रत्येक नव्या रेथमध्ये न्यिकांग उतरतो. 'अवतार' म्हणू का?

बोरूबहाद्दर : नको. अवतार जन्मालाच तसा येतो, रेथ मात्र साधा राजपुत्र असतो. न्यिकांगची प्रतिमा अकुर्वाच्या देवळातून वाजतगाजत फाशोडाकडे निघते (शिलुकांची राजधानी; १८९८ साली इंग्रज-फ्रेंच समोरासमोर ठाकले ते याच नावाचं ठाणं वेगळं, आजचं कोडोक). वाटेत नियोजित रेथच्या माणसांशी लुटुपुटूची लढाई होते, न्यिकांग जिंकतो आणि त्याला धरून नेतो! पुढे प्रतिमा आसनावर ठेवतात, उचलतात आणि तिच्या जागी रेथ बसतो. तेव्हा त्याला कंप सुटतो. आपलं 'अंगात येणं'च की.

ऱ्हस्वदीर्घ : अंगातलं वारं तासाभरात उतरतं हो. हे मरेपर्यंत राहतं. 'संचार'ही म्हणूनच तोकडा.

बोरूबहाद्दर : बरोबर, मागे घेतो. मग सरळ 'गादी' घ्या. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४८च्या व्याख्यानात हेच मांडलं : दैवी आहे ते राजपद, राजा नव्हे. आपण 'मान गादीचा' म्हणतो त्यात हे आपसूक येतं. शिवाय इथे खरोखरीचं आसनही आहे.

काठावरचा : पटलं. आणि त्यांचा सृष्टिकर्ता 'जुओक', त्याला 'देव' लिहिलं तर?

ऱ्हस्वदीर्घ : आधी एक, कुठे कुठे 'जोक' असंही रूप दिसतं. ते लिहू नका, वाचक हसतील. 'देव'ही जपूनच. जुओक सगळ्याचा कर्ता, पण आजारपण, अनाकलनीय संकट यांमागेही तोच. लोकांचं रोजचं गाऱ्हाणं मात्र न्यिकांगकडे. पावसासाठी बळी द्यायचा तोही त्याच्यामार्फत. शिलुकांच्याच भाषाकुळातल्या, युगांडातल्या अचोली लोकांचा किस्सा तिथले कवी-अभ्यासक ओकोट प्बिटेक सांगतात : मिशनऱ्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी घडवलं? प्रश्न नीट न कळून उत्तर आलं, 'रुबांगा'. तो पाठीला कुबड आणणारा! तेच नाव ख्रिस्ती देवाला चिकटलं. तेव्हा 'जुओक' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

काठावरचा : ठेवतो. 'आसन' ऐवजी 'चौरंग' कसा वाटेल?

बोरूबहाद्दर : सत्यनारायण मांडायचा असेल तर छान.