बाबांचा लॅपटॉप झोपतच नाही (सोलापूर) – मदत हवी

एडिसनहून, जुळे सोलापूरवाला:

मंडळी नमस्कार,

मंडळाच्या लिस्टवर हे टाकावं का नको असं चाललं होतं, पण इथे निम्मे लोक आयटीतले आहेत म्हणून टाकतोच. बाबा सोलापुरात असतात, जुळे सोलापूरला, अजूनही एका टॉवेलच्या कारखान्याचं अकाउंट बघतात, टॅली, जीएसटी सगळं घरूनच. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०. मध्ये फार स्लो झाला म्हणून एका दुकानातून फॉरमॅट करून आणला आणि तेव्हापासून झाकण लावलं तरी पंखा आपला चालूच, खालून तव्यासारखा गरम, रात्री कपाटात ठेवला की सकाळी बॅटरी संपलेली. मेनूत स्लीप दिसत नाही, हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद होणं) तर नाहीच नाही. दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या.

रोज शट डाऊन करा म्हटलं तर त्यांना पटत नाही, कारण टॅली, एक्सेलच्या शीटा, पोर्टल असं सगळं उघडं ठेवूनच ते जेवायला उठतात. आणि रिमोटने बघतो म्हटलं तर तयार नाहीत, स्क्रीन शेअर करायला लावणारे चोर असतात असं बँकेने सांगितलंय म्हणे. बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे जे काय करायचं ते फोनवर बोलून.

डॅलसहून:

मॅक घेऊन दे बाबांना, विषय संपला.

एडिसनहून:

काका, टॅली मॅकवर चालत नाही हो, सरळ तरी नाहीच.

सिडनीहून, विजापूर रोड:

काय बे, एवढ्यासाठी मदरबोर्ड? आपल्याकडं दुकानात काहीही न्या, मदरबोर्ड नाहीतर बॅटरी, तिसरा आजारच नाही. बरं ते विंडोज १० चं बघ जरा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि बाबा त्याच्यावर बँकेची कामं करतात.

फ्रँकफर्टहून, मूळची साखर पेठ:

विंडोजचं नंतर बघू, एका वेळी एकच.

दादा, मदरबोर्डला हात लावू देऊ नका. झोपत का नाही हे लॅपटॉप स्वतःच सांगतो, फक्त विचारावं लागतं. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करायचं, जे काळं चिन्ह येईल त्यावर राईट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. त्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, ए. बाबांना स्पेलिंग एकेक अक्षराने सांगा आणि स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ असं सांगा, नाहीतर उलटी रेघ मारतात, माझे सासरे नेहमी तेच करतात. या मशीनवर झोपेचे कुठले प्रकार चालतात आणि जे चालत नाहीत ते कशामुळे, असं सगळं त्यात येतं. बाबांना फोनने स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगा, तेवढं तर चालेल ना बँकेला?

आणि एक विचारते, फॉरमॅटनंतर ब्राइटनेस कमी-जास्त होतो का? अक्षरं मोठी, पसरट दिसतात का?

एडिसनहून:

ताई, तुम्हाला कसं कळलं? ब्राइटनेसची बटणं चालतच नाहीत आणि टॅलीची अक्षरं एवढाली मोठी झालीयेत. पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाटलं डोळ्यामुळेच तसं दिसतंय, म्हणून ते कुणाला बोललेच नाहीत.

फोटो आला. एस वन, एस टू हे झोपेचे प्रकार फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नाहीत म्हणतोय. एस थ्री, म्हणजे नेहमीची स्लीप, त्यापुढे लिहिलंय की आतल्या एका सिस्टिम कंपोनंटने हे बंद केलंय आणि खाली एकच शब्द, ग्राफिक्स. हायबरनेटपुढे, हायबरनेशन इनेबल केलेलं नाही. हायब्रिड स्लीप, फास्ट स्टार्टअप पण नाही.

फ्रँकफर्टहून:

मग सापडलं की. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही त्या फॉरमॅटच्या वेळच्या दिसतात.

पहिली म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनचा चिप कसा चालवायचा हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर, टाकलेलाच नाही. अशा वेळी विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टर्सखाली बघा, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर असं लिहिलेलं असणार. त्याच्यावर चित्र दिसतं, काम चालतं, पण ब्राइटनेस नाही, रिझोल्यूशन धड नाही, आणि मुख्य म्हणजे स्क्रीनचा चिप झोपवायचा कसा आणि परत उठवायचा कसा हे त्याला येत नाही, म्हणून विंडोज आख्ख्या मशीनचीच झोप बंद करून टाकतं. झाकण लावलं की फक्त स्क्रीन काळी होते, आतलं सगळं जागं.

दुसरं, हायबरनेट कुणीतरी बंद केलंय. सी ड्राइव्हवर जागा करायची म्हणून दुकानात सर्रास करतात हे. हायबरनेट करताना मेमरीत असलेलं सगळं डिस्कवरच्या हायबरफिल नावाच्या एका लपलेल्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि ती फाइल रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास जागा धरून बसते, म्हणजे ८ जीबी रॅम असली तर तीन जीबीच्या वर. हायबरनेट बंद केलं की ती फाइल जाते, जागा मोकळी, गिऱ्हाईक खूश. त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, ते त्याच फाइलवर चालतं. आणि बॅटरी अगदी तळाला गेली की विंडोज आपणहून हायबरनेट करून काम वाचवतं, ती सोयही गेली. मग लॅपटॉप धाडकन बंद.

आधी ड्रायव्हर, मगच हायबरनेट, कारण त्या कामचलाऊ ड्रायव्हरवर हायबरनेटलाही नकार येऊ शकतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, खाली स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं टाकू नका, ती एकाच्या जागी दहा गोष्टी घुसवतात. टाकून झालं की रीस्टार्ट आणि मग त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, स्लॅश, हायबरनेट, ऑन. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणं काय करतात त्या पानावर हायबरनेटसमोर टिक करायची, नाहीतर चालू होऊनही मेनूत दिसत नाही. ती टिक आधी फिकट असते, वर चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल वर क्लिक करावं लागतं.

एडिसनहून:

झालं!! म्हणजे बरंचसं. स्टिकर घासून गेला होता, मॉडेल नंबर भिंगाने वाचला, पण झालं. ब्राइटनेस आला, अक्षरं बारीक झाली (आता बारीक दिसतात म्हणून तक्रार आहे), स्लीप आणि हायबरनेट दोन्ही मेनूत आले. झाकण लावलं की गप्प बसतो.

फक्त एक राहिलंय. झाकण उघडं ठेवून बाबा जेवायला, वामकुक्षीला गेले तर आपणहून झोपायला पाहिजे ना, पंधरा मिनिटं लावलीत, तर तो तासन्‌तास जागाच. ड्रायव्हर अजून चुकतोय का?

फ्रँकफर्टहून:

नाही, हे निराळं. झाकण किंवा बटण म्हणजे तुमचा हुकूम, तो मशीन पाळतं. आपणहून झोपायच्या आधी मात्र ते विचारतं की कुणाचं काही चालू आहे का, आणि एखाद्या प्रोग्रॅमने हात वर केला की थांबतं. तो कोण ते पॉवरसीएफजी, स्लॅश, रिक्वेस्ट्स यात दिसतं. जागा असतानाच चालवायचं आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच, नाहीतर काही दाखवत नाही.

सिडनीहून:

माझ्याकडं एकदा साऊंडचा ड्रायव्हर निघाला होता, ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे म्हणत होता आणि एक आवाज येत नव्हता. ब्राउझरमधे कुठंतरी पॉज केलेलं गाणं. ताई बरोबर सांगतायत, ते चालवच.

एडिसनहून:

चालवलं. ब्राउझरचं नाव आलं आणि खाली, वेबआरटीसीची पीअर कनेक्शन्स चालू आहेत म्हणे. हे काय असतं?

फ्रँकफर्टहून:

व्हिडिओ कॉलचा टॅब. कॉल संपला तरी टॅब तसाच राहिला की जोडणी कधीकधी लटकत राहते आणि ब्राउझर सांगतो, बोलणं चालू आहे, झोपू नका. बाबा ब्राउझरमधून कुणाशी बोलतात?

एडिसनहून:

माझ्या मुलीशी. दर रविवारी. तो टॅब ते बंद करत नाहीत, पुढच्या रविवारी लिंक शोधायला नको म्हणून. आता लिंक बुकमार्क करून दिलीये, अजून एकदा टॅब बंद करायला सांगायचं आहे.

डॅलसहून:

माझ्या नवीन लॅपटॉपवर हीच पहिली कमांड मारली, त्यात एस थ्री नाहीच, एस झिरो लो पॉवर आयडल लिहिलंय. हा पण एअरपोर्टवर बॅगेत तापलेला असतो. ड्रायव्हर घालू का?

फ्रँकफर्टहून:

नको काका, तुमचा ड्रायव्हर ठीक असणार. नव्या लॅपटॉपांमध्ये एस थ्री बनवणाऱ्यांनीच काढून टाकलंय, त्याच्या जागी मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे मोबाइलसारखं अर्धवट जागं राहायचं, मेल घ्यायच्या, अपडेट बघायचं. मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही. तुम्ही झाकण लावल्यावर स्लीपच्या ऐवजी हायबरनेट लावा, उठायला थोडा जास्त वेळ घेतो पण बॅगेत थंडगार. तरी रात्रीत बॅटरी कुणी खाल्ली बघायचं असेल तर पॉवरसीएफजी, स्लॅश, स्लीपस्टडी, छान तक्ता येतो.

दादा, बाबांच्या लॅपटॉपलाही बॅटरीवर असताना झाकण लावलं की हायबरनेटच लावा. स्लीपमध्ये मेमरीला सतत थोडी वीज लागतेच आणि बॅटरी उतरली की त्यातलं सगळं गेलं. हायबरनेटला वीज लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तिकडे पारा ४२-४३ ला जातो, बंद कपाटात तापत पडणं बॅटरीलाही वाईट.

एडिसनहून:

लावलं. काल दुपारी लाइट गेली होती, बाबा झाकण लावून झोपले. उठल्यावर उघडलं तर टॅलीत ज्या व्हाउचरवर होते तिथेच. दुकानवाल्याला दाखवून येतो म्हणतायत, मी नको म्हटलंय पण ते जाणार.

विंडोज ११ त्या मशीनवर चालेल का ते नवीन मेल टाकून विचारतो.