जनुके बदलत नाहीत, त्यांची अभिव्यक्ती बदलते
‘योगामुळे जनुकेच बदलतात’ या विधानात थोडी दुरुस्ती हवी. डीएनएचा मूळ क्रम तसाच राहतो; बदलते ती कोणते जनुक किती प्रमाणात कार्यरत राहावे याची पातळी, म्हणजेच अभिव्यक्ती. दीर्घकालीन ताणात ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरून दाह वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते, आणि रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीच्या) भित्तिकेत मेदाचे थर साचण्यात या दाहाचा मोठा वाटा असतो. योग, ध्यान, ताई-ची (संथ हालचालींची चिनी व्यायामपद्धती) यांवरील १८ अभ्यासांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा या प्रथिनाशी निगडित जनुकांची सक्रियता घटल्याचे नोंदवतो. मात्र असे मोजमाप बहुधा रक्तातील पांढऱ्या पेशींत होते, प्रत्यक्ष रोहिणीत नव्हे, हे अनेकदा सांगायचे राहूनच जाते.

अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या हृदयरुग्णांवरील १९९० च्या प्रयोगाचा दाखलाही जपूनच द्यावा. उपचारगटात हृदयरोहिण्यांतील सरासरी अडथळा वर्षभरात ४० वरून ३७.८ टक्क्यांवर आला खरा, पण त्या रुग्णांनी योगाबरोबर अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम आणि धूम्रपानत्यागही स्वीकारला होता, त्यामुळे श्रेय एकट्या योगाला देता येत नाही. रक्तदाबाची गोळी मात्र आसनांच्या भरवशावर कोणी परस्पर बंद करू नये.