व्हॅली ऑफ फ्लॉवर्स एकटीनं: डॉर्म घ्यावी की स्वतंत्र खोली?

रानजाई:
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडचा गुरुद्वारा करायचं ठरतंय. वय ४६, एकटीच जाणार. हरिद्वारहून जोशीमठ, पुढे गोविंदघाट आणि वरचं मुक्कामाचं गाव घांघरिया. मैत्रीण म्हणते सगळीकडे डॉर्म घे, म्हणजे अनेकांच्या खोलीत एक खाट. घरचे म्हणतात, पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खोली स्वतंत्र हवी. तुम्ही डॉर्म का निवडलीत, ते सांगाल का? फक्त स्वस्त पडते म्हणून मी तयार होणार नाही.

पायवाट:
ताई, पैशांचा मुद्दा आहेच. एकट्या माणसालाही खोलीचं भाडं पूर्ण भरावं लागतं, डॉर्ममध्ये फक्त आपल्या खाटेचं. पण घांघरियात मी डॉर्म घेतो ती माणसांसाठी. गाडी गोविंदघाटच्या पुढे पुलना गावापर्यंतच जाते, पुढे साधारण १० किमी चालत चढायचं. वर मोबाईलचा भरवसा नाही आणि पावसाळ्यात जोशीमठच्या रस्त्यावर दरडी कोसळत असतात. खाली रस्ता सुरू आहे का, व्हॅलीत आज कुठपर्यंत सोडलं, कुठल्या ओढ्याला पाणी वाढलंय, हे संध्याकाळी डॉर्ममध्ये बसल्या जागी कळतं. निम्मी माणसं त्याच दिवशी जाऊन आलेली असतात. बरेच जण थोडं आत जाऊन परत फिरतात, तुम्ही पुष्पावती नदीच्या काठापर्यंत जाच, हेही मला तिथेच एकानं सांगितलं.

शिवाय व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही आणि दुपारनंतर आत सोडत नाहीत. सकाळी लवकर निघायला सोबत लागते, ती आदल्या रात्रीच ठरते. परतताना गोविंदघाटहून शेअर जीपलाही तीच मंडळी उपयोगी पडतात.

मंदाकाकू:
बायकांची डॉर्म वेगळी आहे का, हे फोन करून स्पष्ट विचार. गढवाल मंडल विकास निगमच्या विश्रामगृहात डॉर्म असते, पण सीझनमध्ये आधी बुकिंग केलेलं बरं. न्हाणीघर आत आहे की बाहेर, रात्री दाराला आतून कडी लागते का, हेही विचार. बंक असतील तर खालचाच माग, उतरून आल्यावर गुडघे ऐकत नाहीत.

मी पन्नाशीनंतर डॉर्मकडे वळले. पावसात दुपारी चारला खोलीत येऊन ओल्या भिंतींकडे बघत एकटीनं रात्र काढणं मला नको वाटतं. घरच्यांना सांग, आठ बायकांत तू जास्त सुरक्षित असशील. ताप आला, पाय मुरगळला, तर कुणाला तरी कळेल.

कडेकपारी:
मी थोडं वेगळं सांगतो. हेमकुंड ४,३०० मीटरच्या आसपास आहे, चढ अंगावर येतो. आदल्या रात्री झोप झाली नाही तर हाल होतात. डॉर्ममध्ये कुणी घोरतं, कुणाचा गजर पहाटे चारला वाजतो, ओल्या मोज्यांचा वास असतो. त्या एका रात्री खोली घ्या, बाकी दिवस डॉर्म. इअरप्लग आणि स्वतःची चादर मात्र दोन्हीकडे न्या.

देवराई:
गुरुद्वारा कसा विसरलात सगळे! गोविंदघाट आणि घांघरिया दोन्हीकडे आहे. कुठल्याही धर्माच्या माणसाला जागा, ब्लँकेट, लंगरचं जेवण मिळतं. भाडं नाही, इच्छेनुसार गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत, टाकायचं. गर्दीत हॉलमध्ये ओळीनं झोपावं लागतं. डोकं झाकायचं, तंबाखू-दारू अजिबात नाही. जेवल्यावर भांडी घासायला बसा, हात चालवता चालवता सगळ्या हिंदुस्थानाशी गप्पा होतात. एकट्या प्रवाशाला याहून चांगला मुक्काम मला माहीत नाही.

रानजाई:
काकू, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती तयार झाली. जोशीमठला आणि घांघरियाच्या पहिल्या रात्री बायकांची डॉर्म, हेमकुंडच्या आदल्या रात्री खोली, उतरल्यावर गोविंदघाटचा गुरुद्वारा. डॉर्ममध्ये सामानाचं काय करता?

पायवाट:
छोटं कुलूप न्या, लॉकर असला तरी किल्ली नसते. पैसे आणि आधार कार्ड झोपतानाही अंगावर. रोख पुरेशी ठेवा, वर एटीएमवर विसंबू नका.